‘सोलापूर’ची सात अक्षरे

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. आठवीच्या वर्गासाठी एक स्पर्धा ठेवली आहे. ‘सोलापूर’च्या इंग्रजी स्पेलिंगमधील एस, ओ, एल, ए, पी, यू आणि आर ही सातही अक्षरे, कोणत्याही क्रमाने, ज्यात येतात असा शक्य तितका लांब शब्द शोधायचा, इतर अक्षरे आली तरी चालतील. मुले शब्दकोश पहिल्या पानापासून चाळतात आणि कंटाळतात. त्यांना कोणती पद्धत शिकवावी?
— एक शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : शब्दाच्या सुरुवातीकडून नव्हे, तर शेवटाकडून शोध घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवीन. इंग्रजीतील लांब शब्द बहुधा प्रत्यय लागून लांब झालेले असतात, त्यामुळे दिलेल्या अक्षरांपैकी जास्तीत जास्त अक्षरे कोणत्या प्रत्ययात सामावतात हे आधी पाहावे. क्रियाविशेषणांच्या शेवटी येणारा ओ-यू-एस-एल-वाय हा अक्षरगट घ्या. आपल्या सातांपैकी चार अक्षरे त्यात एकदम मिळतात आणि उरतात फक्त ए, पी आणि आर. आता ही तीन अक्षरे असलेली विशेषणे आठवायची. रॅप्चरसली आणि रपेशसली हे ११ अक्षरी शब्द, तसेच प्रिकेरियसली आणि अपरोरियसली हे १२ अक्षरी शब्द याच वाटेने सापडतात. त्यातला एल-वाय काढला की ए, पी, आर, ओ, यू, एस राहतात, पण एल निसटतो. म्हणून मुलांनी प्रत्येक शब्द कागदावर लिहून सातही अक्षरांवर खूण करावी.

कागदाचा आग्रह आणखी एका कारणासाठी आहे. आपण मराठी माणसे देवनागरीच्या सवयीने कानाने शब्द शोधतो आणि इंग्रजीत तिथेच अडतो. वरच्या प्रत्ययातील ओ आणि यू स्वतंत्रपणे ऐकू येत नाहीत. न्यूरोसायकॉलॉजिकल या १८ अक्षरी शब्दात सातही अक्षरे आहेत, पण त्यातील पी उच्चारातच नसल्यामुळे तो सहसा सुचत नाही. त्याला एल-वाय जोडले की क्रियाविशेषण २० अक्षरांचे होते. विज्ञानाच्या परिभाषेत असे शब्द विपुल आहेत. न्यूटनच्या प्रकाशविषयक कणसिद्धांताच्या इंग्रजी नावातील कॉर्पस्क्युलर हा त्यांपैकीच एक.

सातच अक्षरांत, एकही जास्त न घेता बसणारा शब्द म्हणजे पार्लस, अर्थात बिकट. तो लांबीच्या स्पर्धेत मागे पडेल, तरी त्याला वेगळे बक्षीस अवश्य द्यावे.

शाळेत लिनक्स ही कार्यप्रणाली असलेला संगणक असल्यास उत्तरे तपासणे सोपे होईल. केन थॉम्पसन यांनी युनिक्स या जुन्या कार्यप्रणालीसाठी लिहिलेली आणि लिनक्समध्येही असणारी ‘ग्रेप’ ही आज्ञा शब्दांच्या यादीतून हवे ते अक्षर असलेले शब्द निवडते. एका अक्षराची चाळणी लावून जे उरेल त्यावर पुढच्या अक्षराची, अशा सात चाळण्या लावल्या की पूर्ण यादी हाती येते. मात्र मुलांचा शोध संपल्यावरच हे करावे.

स्पर्धेआधी नियम मात्र स्पष्ट करावेत. पॉप्युलरायझेशन हा १४ अक्षरी शब्द ब्रिटिश पद्धतीने एस घालून लिहिला तर पात्र ठरतो. झेड घातला की त्यातला एकमेव एस जातो, आणि ऑक्सफर्डच्या कोशांत झेडचे रूप आधी दिलेले असते. अनेकवचनाचा एस चालणार की नाही, हेही ठरवावे. पुढे पंढरपूर घेतलेत, तर ए, पी आणि आर प्रत्येकी दोनदा हवेत की एकदा पुरे, हे फळ्यावर लिहून ठेवावे.