लोकवर्गणीच्या पैशावरून वाद: शाळा व्यवस्थापन समितीच्या नव्या अध्यक्षताईंसाठी

ताई, डिजिटल वर्गासाठी गावाने दिलेली वर्गणी मुख्याध्यापक सर कुंपणाला वापरू म्हणतायत आणि पालक चिडलेत. भांडायला जाण्याआधी शिक्षण हक्क कायदा, २००९ मधलं कलम २१ वाचा. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि ५० टक्के महिला हव्यात, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. पण सरकारकडून किंवा इतर कुठूनही आलेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणं, हेही त्याच कलमाने समितीला दिलेलं काम आहे. आणि मुख्याध्यापक आपल्याच समितीचे सदस्य सचिव आहेत, विरोधक नव्हेत.

खरा जोर ठरावावर द्या. वर्गणी मागण्याआधीच काय घ्यायचं, अंदाजे खर्च किती, पैसे उरले तर कुठे जातील, हे इतिवृत्तात लिहून घ्यायचं. पावतीवरही कारण हवं. सरांचं म्हणणं चूक असेलच असं नाही. शाळा रस्त्याला लागून असेल तर मीही आधी कुंपणच म्हणेन. पण उद्देश बदलायचा तर नवा ठराव करा आणि देणगीदारांना कळवा. रोख रक्कम कुणाच्याच घरी नको, तुमच्याही नको. ती थेट समितीच्या संयुक्त खात्यात भरा.

खासगी अनुदानित शाळेतल्या पालकांना मात्र हे जसंच्या तसं सांगू नका. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तिथली समिती फक्त सल्ला देते.

पुढच्या बैठकीत कॅशबुक आणि व्हाउचर मागाच, पण सरांना आदल्या दिवशी भेटून तसं सांगा. सगळ्यांसमोर अचानक हिशेब मागितला की प्रामाणिक माणूसही दुखावतो.