नागिणीचं तोंड-शेपूट जुळत नाही, पण गोळ्यांना उशीर नको

ताई, सासूबाईंना काल उजव्या कुशीत पाठीपासून पुढपर्यंत नागिणीचे (हर्पिस झोस्टरचे) फोड पट्ट्यासारखे उठलेत आणि वाडीतल्या बायकांनी 'तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो' असं भरवलंय म्हणून त्या जेवत नाहीयेत असं लिहिलंयत, तर आधी त्यांना हे सांगा की ते जुळतच नाही सहसा. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या तरी त्यांचा व्हायरस मणक्याशेजारी नसांच्या मुळाशी पडून राहतो, वय झालं, शुगर वाढली, स्टेरॉइड चालू असली की उठतो आणि त्याच एका नसेवरून कातडीपर्यंत येतो. उजवीकडची नस पोटाच्या मधोमध संपते, मग पट्टा पलीकडे जाणार कसा? अंगभर फोड पसरले तर मात्र ते वेगळं, थेट दवाखाना.

देवाला गाऱ्हाणं घालायचं तर खुशाल घाला, पण गेरू नि पाल्याचा लेप नको, फोड पिकतात. खरं काम व्हायरसच्या गोळ्यांचं, त्या पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झालेल्या बऱ्या. बहुतेक असायक्लोव्हिर देतील, दिवसातून 5 वेळा, 7 दिवस. किडनीचा त्रास असेल तर आधीच सांगा, डोस बदलतो. नुसत्या मलमाने काही होत नाही.

आणि दुखणं अंगावर काढू देऊ नका. माझ्या सासऱ्यांच्या खपल्या गणपतीआधीच पडल्या होत्या, पण शिमगा आला तरी बनियन सोसवत नव्हतं, उघडेच पडवीत बसायचे, पंख्याचा वारा लागला तरी कळवळायचे. नसच दुखावलेली असते ना, तिथे साधी पेनकिलर फारशी चालत नाही, प्रीगाबालिनसारखी नसेची गोळी डॉक्टर देतात.

नणंद बाळंतपणाला आलीय म्हणालात ते महत्त्वाचं. तिला यातून नागीण होणार नाही, पण कांजिण्या झाल्या नसतील तर फोडाच्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात. खपल्या सुकेपर्यंत फोड झाकलेले, टॉवेल वेगळा, आणि तिच्या डॉक्टरला आजच फोन करा.

कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठायचा, नजरेचा प्रश्न असतो. लस आहे, शिंग्रिक्स, पन्नाशीनंतर 2 डोस, महाग आहे, पण ती बरं झाल्यावर बघू. आत्ता दुपारच्या एसटीची वाट बघत बसू नका, रिक्षा करा.