एकाच गुडघ्याची सूज आणि फेकून दिलेले पाणी

ताई, आईंच्या उजव्या गुडघ्याला सात महिने सूज आहे, तीनदा पाणी काढून झाले आणि आता आरए फॅक्टर (आमवाताची शंका आल्यावर रक्तात तपासतात तो घटक) थोडा वाढलेला निघाल्याने आमवाताच्या गोळ्या सुरू कराव्यात का, असे तुम्ही चिकोडीहून विचारले आहे. २०१९ साली माझ्या डाव्या गुडघ्याची कथा जवळजवळ हीच होती, म्हणून सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही. निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

माझा पहिला प्रश्न एवढाच आहे की काढलेले पाणी तपासायला पाठवले होते का? माझे पाठवले नव्हते. भली मोठी सिरिंज भरून गढूळ पिवळे पाणी निघाले, ते माझ्या डोळ्यांदेखत बेसिनमध्ये ओतले गेले आणि वरून नळ सोडला गेला. असे तीन वेळा झाले. दुसऱ्या वेळी पाणी काढल्यावर सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले. तीन आठवडे इतका आराम पडला की मी निपाणीच्या बाजाराला चालत जाऊन आलो, आणि त्या आरामालाच गुण समजून बसलो. पुढे सूज दुपटीने आली, मांडी बारीक झाली आणि रात्री झोपेत कूस बदलताना कळ येऊन जाग येऊ लागली. तरीही तिसऱ्या वेळी मी ‘हे तपासायला द्या’ असे म्हणालो नाही, याची खंत आजही वाटते.

अखेर मिरजेला दुर्बिणीतून सांध्याच्या अस्तराचा तुकडा काढला आणि क्षयरोग निघाला. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता, खोकला कधीच नव्हता. हाडासांध्यांच्या क्षयात असे पुष्कळदा असते. सांध्याच्या पाण्यात जंतू थोडे असल्याने ती तपासणीही फसू शकते, म्हणून पाण्याचा अहवाल निर्दोष आला तरी सूज हटत नसेल तर तुकड्याचा आग्रह धरावा, असे माझे ठाम मत आहे. तुकड्याचा एक भाग फॉर्मॅलिनमध्ये आणि दुसरा साध्या सलाइनमध्ये ठेवायला आधीच सांगा, कारण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि मग कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, करता येत नाही.

प्रत्येक सुजलेला गुडघा क्षयाचाच असतो, असे माझे म्हणणे मुळीच नाही. यूरिक अ‍ॅसिडचे खडे असू शकतात. अस्तराची तपकिरी, गाठाळ वाढही असू शकते, ज्यात पाणी वारंवार रक्तमिश्रित निघते. मात्र आमवात बहुधा दोन्ही हातांचे लहान सांधे धरतो आणि सकाळी तास-तासभर बोटे आखडलेली असतात. आरए फॅक्टर उतारवयात आणि दीर्घकाळच्या जंतुसंसर्गातही वाढलेला दिसतो. तेवढ्या एका आकड्यावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू केली आणि आत क्षय निघाला तर तो फोफावतो, म्हणून त्याआधी सीसीपी ही आमवाताची अधिक नेमकी रक्तचाचणी आणि पाण्याची तपासणी झालीच पाहिजे.

सीमाभागातल्या आपल्या लोकांची आणखी एक अडचण असते. रोगाचे निदान महाराष्ट्रात झालेले आणि पत्ता कर्नाटकातला, एवढ्यावरून एका कार्यालयाने मला नऊ दिवस हेलपाटे घालायला लावले. प्रत्यक्षात निक्षय क्रमांक, म्हणजे क्षयरुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक, देशभर एकच चालतो, नोंद आपल्या तालुक्यात वर्ग करून घेता येते आणि औषधे मोफत मिळतात. पोषणासाठी सरकारकडून तेव्हा महिना ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले आहेत. आईंना क्षयाचे निदान झालेच, तर त्याचे कागद घेऊन सरळ आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

मला एकूण बारा महिने गोळ्या घ्याव्या लागल्या. क्षय बरा झाला, पण कूर्चा झिजून गेली ती गेलीच. गुडघा काटकोनापर्यंतही वाकत नाही आणि पंगतीला मांडी घालून बसता येत नाही. आईंचे पाणी चौथ्यांदा काढायचे ठरले असेल, तर जाण्यापूर्वी दवाखान्यात फोन करून निर्जंतुक बाटली आणि जीन एक्सपर्टचा (क्षयाचे जंतू शोधणाऱ्या चाचणीचा) अर्ज तयार ठेवायला सांगा, आणि बाटली प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत कोणीतरी घरचे माणूस सोबत राहू द्या.