गॅरेजच्या ओपनरला दिवा असलेलं दुसरं बटण जोडलं, तर दोन्ही बटणं का बंद पडली?

तुमचा घोळ मला समजला तो असा. स्वयंपाकघराच्या दाराशी ओपनरबरोबर (म्हणजे गॅरेजचं दार उघडणाऱ्या मोटरबरोबर) आलेलं बटण आहे, त्यात मिणमिणता एलईडी आहे. गॅरेजच्या बाजूच्या दाराशी अजून एक हवं होतं, म्हणून तुम्ही डोअरबेलचं, आत दिवा असलेलं बटण आणलंत आणि ओपनरच्या त्याच दोन स्क्रूंना जोडलंत. आता नवं बटण चालत नाही, त्याचा दिवाही लागत नाही, आणि चांगलं चालणारं जुनं बटणही गप्प झालं. गाडीतला रिमोट मात्र ठीक चालतोय. शिवाय तिसरं बटण वर बेडरूममध्ये लावायचं मनात आहे.

बटण खराब नाही, परत करायला जाऊ नका. न्यू जर्सीतल्या आमच्या घरी मी हुबेहूब हेच करून बसलो होतो. बटण बदलून आणलं, त्यानेही तेच केलं, तेव्हा कुठे व्होल्ट-करंट मोजायचा मल्टिमीटर शोधायला बेसमेंटमध्ये उतरलो.

डोअरबेलच्या बटणात दिवा आणि स्विच पॅरलल असतात, म्हणजे करंटला दोन वेगळ्या वाटा. बोट लावलेलं नसताना करंट दिव्यातून जातो. बटण दाबलं की त्याला स्विचमधून सरळ वाट मिळते, म्हणून दाबल्या क्षणी दिवा विझतो. रात्री कुणाच्याही दारात बघा, हे दिसेल. घंटेला हे चालतं, कारण मागे १६ व्होल्ट एसीचा ट्रान्सफॉर्मर असतो आणि दिव्याच्या एवढ्याशा करंटने घंटेतला दांडा जागचा हलत नाही. ओपनरचं तसं नाही. तो त्या दोन तारांवर थोडेसे डीसी व्होल्ट सोडून नुसता कान लावून बसलेला असतो. व्होल्ट खाली आले, की त्याच्या लेखी कुणीतरी बटण दाबलं.

माझ्या ओपनरच्या दोन स्क्रूंवर काहीही न जोडता १६ व्होल्ट मिळाले. मीटर करंटवर लावून स्क्रू जोडले तर जेमतेम २० मिलिअँपियर. म्हणजे आत साधारण ८०० ओहमचा रेझिस्टन्स, करंटला अडथळा, बसलाय. आता तो तंगस्टनचा बारका दिवा घ्या. थंड असताना मोजला तर ३० ओहम. तापला की त्याचा रेझिस्टन्स कित्येक पट वाढतो, पण तापायला करंट हवा, आणि तो द्यायची ओपनरची ऐपत नाही. गणित केलं तर दिव्यावर जेमतेम अर्धा व्होल्ट उरतो. दिवा पेटत नाही तो यामुळे. आणि ओपनरला वाटतं की बटणावर बोट ठेवून कुणीतरी उभंच आहे, काढतच नाही. मग जुनं बटण कितीही दाबा, त्याच्यासाठी काहीच बदलत नाही. रिमोटचा संदेश रेडिओवरून येतो, त्या तारांशी त्याचा संबंध नाही, म्हणून तो सुखरूप.

खात्री करायची तर नव्या बटणाची एक तार सोडवा. व्होल्ट परत वर गेले आणि जुनं बटण जिवंत झालं, तर हेच कारण.

एक गोष्ट आधी तपासा, नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल. मोटरच्या डब्यावर रिमोट जोडायचं ‘लर्न’ बटण असतं. चेंबरलेन किंवा लिफ्टमास्टरचा ओपनर असेल आणि ते बटण पिवळं असेल, तर भिंतीवरचं पॅनल आणि मोटर त्या दोन तारांवरून डिजिटल भाषेत बोलतात. तिथे साधं बटण लावून भागेल असं धरून चालू नका, त्याच कंपनीचं जुळणारं बटण घ्या. नाहीतर एखादा जादाचा रिमोट उघडून त्याच्या बटणाच्या दोन टोकांना तारा सोल्डर करा आणि आपलं बटण त्या तारांना जोडा. दिसायला ओबडधोबड, पण काम करतं.

ओपनर साधा असेल तर मी केलं ते सांगतो. छतावरच्या सॉकेटमधून ओपनरचा प्लग काढला. नव्या बटणाचं मागचं झाकण उघडून दिवा कापून टाकला. त्या जागी एक एलईडी आणि त्याच्याशी सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग, १० किलोओहमचा रेझिस्टर (तपकिरी, काळा, केशरी पट्टे) जोडला. पाव वॅटचा भरपूर होतो. आता एलईडी सव्वा मिलिअँपियरच्या आसपास खातो आणि स्क्रूंवर १५ व्होल्ट शिल्लक राहतात. ओपनरला काही जाणवतही नाही. अंधाऱ्या गॅरेजमध्ये बटण सापडायला तेवढा उजेड पुष्कळ. एलईडीची दिशा बघून लावा. मी पहिल्यांदा उलटा लावला आणि अर्धा तास सोल्डरिंगला शिव्या घातल्या.

तुमच्या ओपनरचे आकडे माझ्यापेक्षा वेगळे निघतील, म्हणून आधी मोजा. एलईडी जोडल्यावर व्होल्ट फार खाली आले तर रेझिस्टर वाढवा. आणि एलईडी स्थिर न जळता लुकलुकला तर घाबरू नका, काही ओपनर त्या तारांवर अखंड डीसी न देता पल्स सोडतात.

सोल्डरिंग नको असेल तर चार टर्मिनलचं बटण आणा: दोन स्विचची, दोन दिव्याची. दिव्याला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर द्या आणि स्विचची दोन टोकं फक्त ओपनरकडे न्या. दोन्ही सर्किटांची एकही तार सामाईक ठेवू नका. घरात उरलेली इंटरनेटची केबल असेल तर ती चालते, आठ तारा असतात. बटण दाबून सोडणारं घ्या. दाबलं की तसंच अडकून राहणारं घेतलंत तर पुन्हा मूळ रोगावर याल. केबल भिंतीला ठोकताना स्टेपल तारेत घुसू देऊ नका. तारा आत एकमेकींना टेकल्या तर रात्री दोन वाजता दार आपणहून उघडेल. जानेवारीत. विचारू नका.

राहिलं बेडरूमचं बटण. ते लावू नका. ओपनरच्या पुस्तिकेत भिंतीवरच्या बटणाबद्दल लिहिलेलं असतं: दार दिसेल अशा जागी, जमिनीपासून किमान ५ फुटांवर, मुलांचा हात पोचणार नाही असं. १९९३पासून अमेरिकेत बनणाऱ्या घरगुती ओपनरना दारात कुणी अडकू नये म्हणून सेन्सर किंवा तशीच दुसरी सोय सक्तीची आहे, हे खरं. पण दाराच्या दोन्ही बाजूंचे ते डोळे जमिनीपासून ६ इंचांच्या आत असतात. गाडीचा वर उचललेला मागचा दरवाजा त्यांना दिसत नाही. रात्री दार उघडं राहिलं की काय, ही धाकधूक असेल तर बेडरूममध्ये बटणाऐवजी नुसता दिवा लावा: दाराला चुंबकाचा स्विच आणि दार उघडं असलं की पेटणारा लाल एलईडी. लाल दिसला की जिना उतरून खाली जायचं आणि दार बघत बंद करायचं.