आयसीयू सोडून रेस्पिरेटरी वॉर्डात यायचं का?

तुझा मेसेज परवा रात्रपाळीच्या ब्रेकमध्ये वाचला. तुझं म्हणणं थोडक्यात असं: जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, सांगलीत खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत चार वर्षं काढलीस, ओईटी (इंग्रजीची परीक्षा) आणि सीबीटी (संगणकावरची नर्सिंगची परीक्षा) दोन्ही पार पडल्या, आणि आता इंग्लंडमधून ऑफर आली ती आयसीयूची नाही, रेस्पिरेटरी म्हणजे श्वसनविकारांच्या वॉर्डची. घरचे म्हणतात जा. तुला मात्र वाटतंय, व्हेंटिलेटर सांभाळणारी मी, तिकडे जाऊन म्हाताऱ्यांना वाफ देत बसू का? वर टीबीची धास्ती आहेच.

ये. आणि वाफ देत बसावं लागेल हेही खरंच आहे. पण त्या वाफेतसुद्धा चुकायला किती जागा असते, ते मी इथे येऊन शिकले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी मिरजेची. २०१९ मध्ये आले, तेव्हा ओस्कीत (इथल्या नर्सिंग नोंदणीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत) सहा स्टेशनं होती, आता दहा आहेत. पहिलं पोस्टिंग दक्षिणेकडच्या एका गावात होतं, हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. तिथे तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात सीओपीडीचे (श्वासनलिका कायमच्या आखडण्याचा आजार) एक आजोबा आले. धाप लागलेली, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ८६. आपला हात काय करतो? पिशवीवाला रिझर्व्हॉयर मास्क, मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन. दहा मिनिटांत ९८ झालं आणि मी खूश. अर्ध्या तासाने आजोबा शांत झोपलेले दिसले, गाल गुलाबी. मला वाटलं, बरं वाटलं बिचाऱ्यांना. वॉर्ड सिस्टरने लांबूनच पाहिलं आणि ती जवळजवळ धावतच आली. त्यांना हलवलं तर डोळे अर्धवट उघडले, हात पुढे करायला सांगितले तर पंजे फडफडत होते. गॅस काढला (रक्तातल्या वायूंची तपासणी), पीएच ७.२४, म्हणजे रक्त आम्ल झालेलं. कार्बन डायऑक्साइड साठला होता, आणि साठवायला मी मदत केली होती. त्यांना बायपॅपवर (घट्ट मास्कमधून दाबाने श्वास देणारं मशीन) घेतलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते चहा मागत होते, पण ती रात्र मी विसरलेले नाही. त्यांच्या पाकिटात ऑक्सिजन अलर्ट कार्ड होतं, म्हणजे ऑक्सिजन बेतानेच द्या असं सांगणारं. ते मागायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

इथे ऑक्सिजन हे औषध मानतात आणि पॅरासिटामॉलसारखं तेही चार्टवर लिहून घ्यावं लागतं. लिहितात ते लिटर नाही, सॅच्युरेशनचं टार्गेट. बहुतेकांचं ९४ ते ९८. ज्यांच्यात कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका आहे त्यांचं ८८ ते ९२. त्या मर्यादेत ठेवण्यासाठी कमी-जास्त करायचं काम तुझं, डॉक्टरला विचारत बसायचं नाही. अशा पेशंटचं ९६ दिसलं की हात नॉबकडे जायला हवा, खाली आणायला. आपल्याकडे वाढवायचं शिक्षण मिळतं, कमी करायचं नाही. ही एक सवय मोडलीस की अर्धी लढाई जिंकलीस असं समज.

त्यासाठी व्हेंचुरी मास्कचे (ठरावीक टक्केच ऑक्सिजन देणारा मास्क) रंग पाठ कर: निळा २४ टक्के, पांढरा २८, नारिंगी ३१, पिवळा ३५, लाल ४०, हिरवा ६०. किती लिटर ठेवायचे ते त्या तुकड्यावरच छापलेलं असतं, निळ्यावर २, पांढऱ्यावर ४. आणि तुझ्या त्या वाफेबद्दल: अशा पेशंटला नेब्युलायझर ऑक्सिजनवर नाही, हवेवर चालवतात. भिंतीवर ऑक्सिजन आणि हवा यांचे पॉइंट शेजारी शेजारी असतात, फ्लोमीटरही सारखेच दिसतात. घाईत ऑक्सिजनची नळी हवेच्या फ्लोमीटरला लागणं हे एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) 'नेव्हर इव्हेंट'च्या यादीत आहे, म्हणजे कधीच घडू नये अशा चुकांमध्ये, चुकीच्या बाजूच्या ऑपरेशनच्या पंक्तीत. म्हणून वाफ संपली की हवेचं फ्लोमीटर भिंतीवरून काढूनच ठेवतात.

आणखी एक. आपल्याकडे ऑक्सिजन म्हटलं की बुडबुड्यांची पाण्याची बाटली आलीच. बुडबुडे दिसले की नातेवाइकांनाही धीर येतो. इथे ती बाटली शोधू नकोस, माझ्यासारखी हसं करून घेशील. तिचा म्हणावा तसा उपयोग नाही आणि साठलेल्या पाण्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो, म्हणून इथल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ती वापरू नका असंच म्हटलंय.

न्यूज-टू चार्ट (पेशंट ढासळतोय का हे गुणांनी दाखवणारा तक्ता) आत्तापासून बघून ठेव. नाडी, बीपी, ताप, सॅच्युरेशन, शुद्ध आणि श्वासाचा वेग यांना गुण देतात. ऑक्सिजन लावलेला असला तर त्याचे वेगळे दोन. बेरीज पाच झाली की डॉक्टरला तातडीने बोलवायचं, सात झाली की धावपळ. सॅच्युरेशनच्या दोन पट्ट्या आहेत, त्यातली दुसरी ८८ ते ९२वाल्यांसाठी. त्यांचं ९० पहिल्या पट्टीवर लिहिलंस तर उगाच तीन गुण चढतात आणि कुणीतरी येऊन ऑक्सिजन वाढवतं. श्वास मात्र पूर्ण एक मिनिट मोज. आपल्याकडे सगळ्यांचे श्वास २०, कुणीही मोजलेले नसतात. तूही लिहिले असशील, मीही लिहिलेत. इथे २१ ला दोन गुण आणि २५ ला तीन. माणूस ढासळायला लागतो तेव्हा बऱ्याचदा पहिल्यांदा हाच आकडा हलतो.

तुझी आयसीयू वाया जाईल ही भीती काढून टाक. आमच्या वॉर्डात बायपॅपचे बेड आहेत. पीएच ७.३५ च्या खाली आणि कार्बन डायऑक्साइड साडेसहाच्या वर राहिला की मशीन लागतं. साडेसहा म्हणजे किलोपास्कल! इथले गॅस आपल्यासारखे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये नसतात, साडेसातने गुणायचं, म्हणजे जवळपास ४९. साखरही मिलिमोलमध्ये, तिला १८ ने गुण. पहिले दोन महिने मी खिशात चिठ्ठी ठेवायचे. तुला वेव्हफॉर्म कळतात, लीक कळते, त्याचा इथे जबरदस्त फायदा आहे. फरक एवढाच की तुझा पेशंट तिकडे गुंगीत असतो, इथला टक्क जागा. तोंडावर घट्ट मास्क, आत वारा घुसतोय, आणि तो तुझा हात झटकतोय. पट्टे लगेच बांधायचे नाहीत. मास्क हातात धरून नुसता नाकातोंडाला टेकवायचा, त्याच्या श्वासाबरोबर मशीन कसं चालतं ते त्याला कळू द्यायचं, मग एकेक पट्टा. नाकाच्या दांडीवर दाबाची जखम होते, तिथे आधीच मऊ पट्टी लावायची. मधल्या ब्रेकमध्ये दोन घोट पाणी, तोंड पुसणं, ओठांना ओलावा. ही वीस मिनिटं बसून काढलीस तर मास्क रात्रभर टिकतो, नाहीतर तासाभरात तो फरशीवर.

आता जे कुणी सांगत नाही ते. इथे पेशंटजवळ बसणारं माणूस नसतं. आपल्याकडे अंघोळ, भरवणं, बेडपॅन हे नातेवाईक आणि मावशी करतात, सिस्टर इंजेक्शन आणि फाइल बघते. इथे हेल्थकेअर असिस्टंट असतात, पण त्या कमी आणि पेशंट जास्त, त्यामुळे पाठ पुसण्यापासून संडासाच्या खुर्चीपर्यंत सगळं तुझंही काम आहे. माझ्याबरोबर आलेल्या एका मुलीने हे कमीपणाचं मानलं आणि सहा महिने कुढत काढले. मला विचारशील तर धापेच्या माणसाचं खरं निदान अंघोळीच्या वेळीच होतं. काल बेसिनपर्यंत चालत गेलेला माणूस आज शर्टाची दोन बटणं लावून थांबला, तर तो कुठल्याही एक्स-रेच्या आधी तुला काहीतरी सांगतोय.

बोलणं समजायला त्रास होईल. तुझी ओईटी चांगली असेल, पण धाप लागलेला माणूस तीन शब्दांत बोलतो आणि ते तीन शब्द बोलीतले असतात. मी आता स्टोक-ऑन-ट्रेंटला आहे. इथे सगळे सगळ्यांना 'डक' म्हणतात, म्हणजे बदक! पहिल्या दिवशी मी रागाने बघितलं होतं. ते आपल्या 'बाळा'सारखं आहे. चिनी मातीच्या भांड्यांचं हे शहर आणि आजूबाजूला कोळशाच्या खाणी. इथली शेवटची खोल खाण, सिल्व्हरडेल, १९९८ मध्ये बंद झाली, पण त्या खाणीतली धूळ अजून आमच्या वॉर्डात खोकते. भांड्यांच्या कारखान्यात गारगोटीची पूड वापरायचे, त्यातून सिलिकोसिस व्हायचा. इथली जुनी माणसं त्याला कुंभारांची कीड अशा अर्थाच्या शब्दाने ओळखतात. म्हणून हिस्ट्री घेताना सिगारेट किती एवढंच विचारून थांबू नकोस, काम काय केलं ते विचार. आपल्याकडे नाही का, आयुष्यात विडीला हात न लावलेली बाई सीओपीडी घेऊन येते आणि कारण चुलीत असतं. जाता जाता, इथले ओटकेक म्हणजे सरळसरळ आपलं धिरडं. ठेच्याबरोबर खा.

टीबीचं म्हणशील तर इथे मिरजेपेक्षा कितीतरी कमी दिसतो. संशय आला तरी पेशंट वेगळ्या खोलीत जातो आणि तुला एफएफपी-थ्री मास्क मिळतो, तोही आधी तुझ्या चेहऱ्यावर बसतो की नाही याची फिट टेस्ट करून. उलट तुलाच व्हिसासाठी टीबीचं सर्टिफिकेट काढावं लागेल. ते ठरलेल्या केंद्रातूनच लागतं आणि सहा महिनेच चालतं, म्हणून फार आधी काढून बसू नकोस.

जड जातं ते वेगळंच. आमचे काही पेशंट बरे व्हायला आलेले नसतात. फुप्फुसं दगडासारखी झालेली असतात, त्यांना व्हेंटिलेटरवर घ्यायचं नाही हे त्यांच्याशी बोलूनच ठरलेलं असतं आणि तसं फाइलमध्ये लिहिलेलं असतं. आयसीयूतून आलेल्या मुलीला वाटतं, आपण हात बांधून का उभ्या? हात बांधलेले नसतात. अगदी थोड्या मात्रेतलं तोंडाने घ्यायचं मॉर्फिन काहींची धाप हलकी करू शकतं. मांडीवर टेबल ओढून त्यावर उशी, पुढे झुकून बसवायचं. हातातला छोटा पंखा नाकागालांवर धरायचा. पंखा! मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला आमच्या आजीची आठवण झाली, ती उपरण्याने वारा घालायची. चेहऱ्यावरच्या वाऱ्याने धाप कमी जाणवते, आणि हे इथे रीतसर शिकवतात.

पैशाचं विचारलंस. २०२५-२६ मध्ये इंग्लंडात बँड फाइव्हची (नव्या नर्सची पगारश्रेणी) सुरुवात वर्षाला ३१,०४९ पौंडांवर होती. टॅक्स, पेन्शन जाऊन महिन्याला साधारण दोन हजार हातात यायचे. रात्रपाळी आणि शनिवारी ३० टक्के, रविवारी ६० टक्के जास्त. त्यातून घरभाडं गेलं की सांगलीतल्या घराचा हप्ता लगेच फिटेल असं कुणाला वचन देऊ नकोस, आईलासुद्धा. आणि कायम राहण्याचा हक्क पाच वर्षांऐवजी दहा वर्षांनी द्यायचा प्रस्ताव सरकारने मे २०२५ मध्ये मांडला होता, तेव्हा नवऱ्याशी बोलताना पाचच वर्षांचा हिशेब मांडू नका. एजंटने भरतीसाठी पैसे मागितले तर तिथेच थांब. इथल्या भरतीच्या आचारसंहितेनुसार नर्सकडून फी घेता येत नाही. माझ्या पहिल्या रूममेटकडून एजंटने पैसे घेतले होते आणि तिने पावतीसुद्धा मागितली नव्हती.

ओस्कीसाठी एकच सांगते: केलेलं काम तोंडाने बोल. हात धुतलेस तर धुतले म्हण, नाव आणि जन्मतारीख पेशंटलाच विचार, मग मनगटाचा पट्टा बघ. आपण न बोलता भराभर करणाऱ्या, तिथेच मार्क जातात. इथे आल्यावर सलाइनची सुई टोचणं आणि शिरेतून औषध देणं यांवर पुन्हा सही मिळेपर्यंत हात लावता येणार नाही. चार वर्षं रोज केलेलं काम कुणाच्या तरी देखरेखीखाली करायला अपमान वाटेल. दोनेक महिन्यांत सरतं. बांगड्या आणि मनगटी घड्याळ चालत नाही, कोपराखाली हात मोकळे लागतात. छातीवर अडकवायचं घड्याळ मात्र तिकडूनच घेऊन ये.

आणि तोवर हा गॅस सोडव. सीओपीडीच्या आजी, वय ७४, पांढरा व्हेंचुरी, सॅच्युरेशन ८९, श्वास २८. पीएच ७.३०, कार्बन डायऑक्साइड ८.४, ऑक्सिजन ७.८, बायकार्ब ३०. वाफ आणि स्टिरॉइड देऊन तास झालाय. ऑक्सिजन वाढवशील, कमी करशील की तसाच ठेवशील, आणि डॉक्टरला फोन करून पहिलं वाक्य काय बोलशील, ते इंग्रजीत लिहून पाठव. रविवारी मला सुट्टी आहे.