‘लीन’ म्हणजे वाकलेला नव्हे

प्रश्न नाशिक रोडच्या एका ताईंचा आहे. त्या चर्चमध्ये दर रविवारी मुलांचा वर्ग घेतात. बायबलातल्या, पौलाने लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय चालू असताना ‘येथपर्यंत आज्ञापालन करून त्याने स्वतःला लीन केले’ हे वाक्य आलं आणि एका पोराने विचारलं, लीन म्हणजे काय? ताईंनी ‘नम्र’ असं सांगून वेळ मारून नेली. आता त्या विचारतात : ‘लीन’च्या जागी सरळ ‘नम्र’ म्हटलं तर चालेल का? आणि ‘आज्ञाधारक’ नि ‘आज्ञांकित’ यांत फरक काय?

नाही चालणार.

एक तर ‘नम्र’ची आपण पार रया घालवली आहे. आमच्या सोसायटीच्या फाटकावर पाटी आहे : ‘नम्र विनंती. येथे गाडी लावल्यास चाकातील हवा सोडण्यात येईल.’ चौकात बारा फुटी फ्लेक्स, त्यावर जोडलेले हात, खाली ‘आपला नम्र’. टीव्हीवर भांडायला बसलेला माणूस ‘मी अत्यंत नम्रपणे सांगू इच्छितो’ म्हणतो आणि समोरच्याची सालटी काढायला लागतो. असा शब्द ख्रिस्ताला लावायचा म्हणजे कमालच झाली.

‘नम्’ म्हणजे वाकणे. नमन, प्रणाम, नमतं घेणे हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. एवढंच सांगतो की वाकणं हे बाहेरच्या जोरानेही होतं. गोदेला पूर येतो, दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी पाणी लागतं, तेव्हा काठचं गवत आडवं होतंच. पाणी ओसरलं की पुन्हा ताठ. पत्रातलं वाक्य मात्र ‘स्वतःला लीन केले’ असं आहे. त्यातल्या ‘स्वतःला’वर बोट ठेवा. कुणी वाकवलेलं नाही.

आता ‘लीन’. (कुणी तरी इंग्रजी ‘हम्बल’च्या मुळाशी असलेला लॅटिनमधला ‘ह्यूमस’, म्हणजे माती, घेऊन येणारच. ते मातीचं प्रवचन फार ऐकलं. इंग्रजी शब्दाची व्युत्पत्ती मराठी शब्दाला चिकटवू नये.) धातू आहे ‘ली’, आणि पाणिनीय धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, त्याचा अर्थ दिला आहे ‘श्लेषणे’ : चिकटणे, बिलगणे. श्लेष, आश्लेष यांतलंच ते श्लेषण. माझे एक संस्कृत शिकवणारे स्नेही इथे लगेच हात वर करतात. त्यांच्या मते ‘लीन’ हा वेदान्ताचा शब्द, पाण्यात मीठ विरघळावं तसा विरघळलेला. तो ख्रिस्ती भाषांतरात शिरला ही चूकच, कारण ख्रिस्ती माणूस देवात विरघळत नाही. विरघळत नाही हे खरं. पुरावा म्हणून ते त्याच धातुपाठातलं ‘ली द्रवीकरणे’ काढून दाखवतात. अहो, तो दहाव्या गणातला, म्हणजे धातूंच्या दहाव्या गटातला. चौथ्या आणि नवव्या गणातल्या ‘ली’पुढे दोन्हीकडे ‘श्लेषणे’च लिहिलं आहे, त्याचं काय? आपल्या सोयीचा गण तेवढा वाचायचा याला अभ्यास म्हणत नाहीत. शिवाय बिलगायला दोघे लागतात. मीठ विरघळल्यावर बिलगणार कोण?

याच ‘ली’पासून आलय. जिथे एखादी गोष्ट जाऊन बिलगते, बसते, राहते ते आलय. बर्फ जाऊन बसलं तो हिमालय. विद्यालय, रुग्णालय, शौचालय असं रोज म्हणतो आणि त्यात ‘लीन’ दडलेला आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही! निलय म्हणजे घर, घरटंसुद्धा. संध्याकाळी गोदावरीच्या पुलाखाली जाऊन बघा. पाकोळ्या चिखलाची घरटी दगडाला चिकटवतात आणि स्वतः त्यांत चिकटून बसतात. त्या वाकलेल्या नसतात, विरघळलेल्याही नसतात. त्या लीन असतात. बायबलातल्या चौऱ्याऐंशीव्या स्तोत्रात पाखरांना देवाच्या वेदीपाशी घरटं सापडतं, ते वाचताना मला हाच धातू आठवतो. मूळ स्तोत्र हिब्रू, त्यात आपला ‘ली’ नाही, आणि ‘लीन’च्या जागी असलेल्या पौलाच्या ग्रीक शब्दाचा अर्थही ‘सखल, खालचा’ एवढाच आहे, घरटंबिरटं नाही, हे मला माहीत आहे. पण मराठीने हा शब्द निवडला तेव्हा घरटं सोबत आलं, आता ते काढून टाकायचं कारण नाही. मत्तयाच्या अकराव्या अध्यायात येशू स्वतःला ‘मनाचा सौम्य व लीन’ म्हणवतो, आणि लगेच पुढे काय येतं? ‘तुमच्या जिवास विसावा मिळेल.’ विसावा वाकून मिळत नाही. घरी मिळतो.

‘शरण’चीही हीच गत. शरण जाणे म्हणजे हरणे, शस्त्रं खाली ठेवणे, असं आपण धरून चाललो आहोत. अमरकोश उघडा : ‘शरणं गृहरक्षित्रोः’. शरण म्हणजे घर, आणि राखणारा. पहिला अर्थ घर! संस्कृतात ‘शरणं गच्छामि’ म्हटलं की शरण हे जाण्याचं ठिकाण असतं. मराठीत ‘शत्रू शरण आला’ झालं आणि शरण हे ठिकाण न राहता येणाऱ्याची अवस्था झाली. तिथून शब्दाला पराभवाचा वास लागला. नाशिककरांनी तरी ही चूक करू नये, रोज शरणपूर रोडने जातो आपण. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेलं हे शरणपूर. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे वाढली, शिकली. त्यांतलाच जेकब वेनराइट. १८७३ मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला तेव्हा तो बरोबर होता, आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही होता. ही मुलं शरणपुरात हरून आली होती का? त्यांना छप्पर मिळालं, म्हणून ते शरणपूर.

जाता जाता ‘विश्वास’. तो ‘विश्व + आस’ नाही. त्यात ‘विष’ असतं वगैरे सकाळचे सुविचार मला पाठवू नका. वि + श्वस् : निर्धास्त श्वास घेणे. हे फक्त आपल्या घरात, आपल्या माणसाजवळ जमतं. लीन, शरण, विश्वास हे तिन्ही शब्द मला एकाच उंबऱ्याच्या आतले वाटतात. स्नेह्यांना हे काव्य वाटतं. वाटो.

अरे हो, आज्ञा राहिली. आज्ञाधारक म्हणजे आज्ञा धारण करणारा, वागवणारा. आज्ञांकित म्हणजे आज्ञेने अंकित, तिची खूण उमटलेला. यात थोडा डाग दिलेल्या गुराचा भाव आहे, म्हणून मला तो आवडत नसे. पण गलतीकरांस पत्राच्या शेवटी पौल म्हणतो की येशूच्या खुणा मी अंगावर धारण केल्या आहेत. अंकितही झाला आणि धारकही. तेव्हा ताई, दोन्ही चालवा.

त्या पोराला मात्र यातलं काही नको. आज्ञापालनासाठी पौलाने वापरलेल्या ग्रीक शब्दाच्या पोटात ‘ऐकणे’ आहे, आणि मराठीला ते शिकवावं लागत नाही. ‘आमचा बंड्या ऐकत नाही’ असं म्हणणारी आई बंड्याला कानाच्या डॉक्टरकडे नेत नाही.