वाळूत पुरलेला डबा

प्रश्न : आमची मुलगी फेब्रुवारीत मैत्रिणींबरोबर गुलमर्गला स्कीइंगला चालली आहे. हिमस्खलनात गाडलेल्या माणसाला शोधायचं ट्रान्सीव्हर तिने मागवलंय. बाणामागे चालत गेलं की माणूस सापडतो, असं ती म्हणते. एवढं सोपं असतं का? आणि चिपळुणात बर्फ नाही, मग सराव कुठे करायचा?
– एक आई, चिपळूण

उत्तर : ताई, सरावाला पुळण चालते. मी सैन्यात असताना काश्मीरच्या बर्फात हे शिकलो. आता गुहागरात डोंगरवेड्या पोरांना वाळूत शिकवतो. एक सेट, म्हणजे ते ट्रान्सीव्हर, चालू करून प्लास्टिकच्या डब्यात घालायचा आणि सुरूच्या बनाजवळ, कोरड्या वाळूत हातभर खोल पुरायचा. जागा लेकीला कळू द्यायची नाही. ओहोटीच्या ओल्या वाळूत मात्र पुरू नका, खारं पाणी सिग्नल खातं.

आता बाणाचं. प्रत्येक सेट 457 किलोहर्ट्झवर सिग्नल सोडतो, शोधण्यावर टाकला की दुसऱ्याचा सिग्नल पकडतो, कंपनी कुठलीही असो. पण पडद्यावरचा बाण माणसाकडे सरळ नेत नाही. शाळेत चुंबकाभोवती लोखंडाचा कीस कमानीसारखा मांडला जायचा, आठवतं? तसल्या कमानीवरून तो नेतो. वाट वळली म्हणून तिने गोंधळू नये, पडद्यावरचा आकडा, म्हणजे मीटरमधलं अंदाजे अंतर, उतरतोय ना तेवढं बघावं. चढायला लागला तर मागे फिरावं.

आकडा तीनच्या आसपास आला की धावणं बंद. सेट बर्फालगत धरायचा, हातात फिरवायचा नाही, आणि हळूहळू आधी पुढे-मागे, मग डावी-उजवीकडे न्यायचा. सगळ्यात लहान आकडा मिळेल तिथून प्रोबची लांब काठी खुपसायला सुरुवात. नाही लागलं तर 25-25 सेंटीमीटरवर, गोल गोल बाहेर सरकत. लागलं की काठी तशीच ठेवायची आणि उताराच्या खालच्या अंगाने फावड्याने खणायचं. खणण्यातच सगळ्यात जास्त वेळ जातो, हे पोरांना पटत नाही.

आमच्या एका सरावात एका जवानाने आपला सेट शोधण्यावर टाकलाच नाही, तो सिग्नल सोडत राहिला. आम्ही चौघं त्याच्याच मागे फिरत होतो. पाच मिनिटं गेली! खऱ्या प्रसंगात एवढी मिनिटं वाया घालवता येत नाहीत. बर्फाखाली श्वास कोंडतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेली बहुतेक माणसं वाचतात, पुढे आशा झपाट्याने आटते. बचावपथक तोवर पोचत नाही, शोधायचं ते सोबतच्यांनीच. म्हणून लेकीला विचारा, प्रत्येक मैत्रिणीकडे सेट, प्रोब आणि फावडं आहे का? एकीकडेच असून भागणार नाही, ती स्वतः गाडली गेली तर तिला शोधणार कोण?

शोधताना मोबाइल सेटपासून निदान अर्धा मीटर लांब ठेवायचा, शक्यतो बंदच.

गुहागर तुम्हाला लांब नाही. माझ्याकडे दोन सेट आहेत. एखाद्या रविवारी ऊन उतरल्यावर तिला आणि मैत्रिणींना घेऊन या, मी डबा पुरून ठेवतो.